विश्लेषण : ‘रिपोर्ट नॉर्मल’ असूनही हृदयविकाराचा झटका कसा येतो?

‘गेल्याच महिन्यात चेकअप केलं होतं, सगळं नॉर्मल होतं…’ हृदयविकाराच्या झटक्याने कोणी अचानक गेले, की त्या घरी भेटायला आलेल्यांच्या बोलण्यात हे वाक्य हमखास येते. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लॅब, डॉक्टर, नशीब यांच्यावर चर्चा झडते आणि दोन-चार जण घाईघाईने ईसीजी काढून येतात. तो नॉर्मल आला की निर्धास्त होतात. खरी अडचण इथेच आहे. ईसीजी, टू-डी एको किंवा स्ट्रेस टेस्ट या तपासण्यांना ज्या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही, ते उत्तर आपण त्यांच्याकडून घेऊन घरी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगभरात सुमारे १ कोटी ७९ लाख लोकांचा बळी घेतला. जगातील एकूण मृत्यूंपैकी हे ३२ टक्के. त्यातले ८५ टक्के मृत्यू हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात या दोनच कारणांनी झाले. हा आजार रक्तवाहिनीत नेमका कसा वाढतो, तपासण्यांना त्यातले काय दिसते आणि झटक्याच्या वेळी काय करावे, याविषयी…

टिम रसर्ट यांच्या बाबतीत काय घडले?

टिम रसर्ट हे अमेरिकेतील नामांकित पत्रकार. एनबीसी वाहिनीवरील ‘मीट द प्रेस’ या राजकीय मुलाखतींच्या कार्यक्रमाचे ते सूत्रसंचालक होते. १३ जून २००८ रोजी वॉशिंग्टनमधील कार्यालयात काम करत असतानाच ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. वय होते ५८. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजार आहे हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. औषधे आणि व्यायाम सुरू होता, पण छातीत दुखणे वगैरे कोणतीही तक्रार नव्हती. मृत्यूच्या जेमतेम दीड महिना आधी, २९ एप्रिलला, त्यांनी स्ट्रेस टेस्ट दिली होती आणि तिचा निकाल चांगला आला होता. शवविच्छेदनात दिसले ते असे : रक्तवाहिनीच्या भिंतीतला कोलेस्टेरॉलचा साठा फुटला, त्या जागी रक्ताची गुठळी झाली आणि रक्तप्रवाह बंद पडला.

या मृत्यूनंतर अमेरिकेत मोठी चर्चा झाली. पत्रकार मोठा, डॉक्टर चांगले, तपासण्या वेळच्या वेळी, तरी असे का? त्याचे उत्तर स्ट्रेस टेस्टच्या यंत्रात नव्हते, रक्तवाहिनीच्या भिंतीत होते.

रक्तवाहिनी ‘तुंबते’ म्हणजे नेमके काय होते?

साधारण ३०० ग्रॅम वजनाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. आपण शांत बसलेले असतानाही ते मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त पुढे ढकलते. स्वतः कायम रक्ताने भरलेल्या या पंपाला आतले रक्त मात्र वापरता येत नाही. त्याच्या स्नायूंना रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत. महारोहिणी हृदयातून बाहेर पडते तिथेच तिला दोन फांद्या फुटतात आणि त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून पसरतात. यांना कोरोनरी रक्तवाहिन्या म्हणतात. त्यांची मुख्य शाखा जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढी असते.

नळाच्या पाइपात क्षार बसतात तशी चरबी रक्तवाहिनीत बसते, असे चित्र बहुतेकांच्या डोक्यात असते. ते अर्धवट आहे. पाइपाची भिंत निर्जीव असते, रक्तवाहिनीची भिंत जिवंत. तिच्या आतून पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, मधुमेह यांनी हे अस्तर दुखावते आणि रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्यातून भिंतीच्या आत शिरून अडकतात. ते काढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवते. त्या हे कण गिळतात, फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की भिंतीच्या आत मऊ, लोण्यासारखा साठा तयार होतो आणि त्यावर तंतूंचे एक झाकण बसते. डॉक्टर याला ‘प्लाक’ म्हणतात.

ही प्रक्रिया साठीत सुरू होत नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली होती. त्यांचे सरासरी वय होते २२. त्यातील तब्बल ७७ टक्के सैनिकांच्या कोरोनरी रक्तवाहिन्यांत या आजाराच्या कमी-अधिक खुणा सापडल्या. १९५३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची तयारी विशीतच सुरू झालेली असू शकते.

७० टक्के ‘ब्लॉकेज’ जास्त धोक्याचे की ३० टक्के?

अरुंद नळीतून द्रव किती वाहणार, याचा भौतिकशास्त्रातला नियम कठोर आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली आणि बाकी काही बदलले नाही, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. तरीही रक्तवाहिनी निम्मी अरुंद झालेली माणसे बाजारहाट करतात, ऑफिसला जातात. कारण अडथळ्याच्या पुढच्या बारीक वाहिन्या स्वतःला रुंद करून तूट भरून काढतात. हा राखीव साठा बराच मोठा असतो. वाहिनी साधारण ७० टक्के अरुंद झाली की चढावर किंवा जिना चढताना तो अपुरा पडू लागतो. छाती भरून येते, थांबले की बरे वाटते. यालाच अंजायना म्हणतात.

झटक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. झटका येतो तो बहुधा प्लाकवरचे झाकण फाटल्याने. आतला माल रक्ताच्या संपर्कात आला की शरीराला वाटते, जखम झाली. कापलेल्या बोटावर रक्त गोठते तशीच गुठळी इथे तयार होते. बोटावर ती जीव वाचवते, ३ मिलिमीटरच्या वाहिनीत ती काही मिनिटांत रस्ता बंद करते.

झाकण फाटण्यासाठी साठा मोठाच असावा लागतो, असे नाही. झाकण पातळ आणि आतला माल मऊ असेल, तर ३०-४० टक्के अडथळ्याचा प्लाकही फुटू शकतो. झटका येण्याआधी कधीतरी अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांच्या जुन्या चित्रफिती १९८०च्या दशकात संशोधकांनी पुन्हा पाहिल्या. ज्या जागी नंतर झटका आला, त्यातल्या बहुतेक ठिकाणी आधी मोठा अडथळा नव्हताच. याचा अर्थ मोठा अडथळा निर्धोक असतो असा नाही. पण छोटे साठे संख्येने कितीतरी जास्त असतात आणि त्यांची आपल्याला काहीच पूर्वसूचना नसते. काल टेकडी चढलेला माणूस आज कोसळतो, तो असा.

मग तपासण्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही?

प्रत्येक तपासणी हृदयाच्या एका बाजूकडे पाहते. ईसीजी हृदयातील विजेच्या संदेशांचा आलेख काढतो. त्या काही सेकंदांत स्नायूला रक्त कमी पडत असेल किंवा पूर्वी झटका येऊन गेला असेल, तर त्यात बदल दिसू शकतात. रक्तवाहिनीत साठा आहे, पण प्रवाह नीट आहे, अशा माणसाचा ईसीजी अगदी सरळ येतो. टू-डी एको ही सोनोग्राफी आहे. पंप किती जोराने आकुंचन पावतो आणि झडपा नीट उघडतात का, हे तिच्यात दिसते. कोरोनरी रक्तवाहिन्यांतले अडथळे तिच्यात दिसत नाहीत. स्ट्रेस टेस्टमध्ये ट्रेडमिलवर चालवून हृदयावर ताण देतात. राखीव साठा संपण्याइतका मोठा अडथळा असेल, तर तो तिथे उघड होण्याची शक्यता असते. लहान प्लाक तिच्या तावडीत सापडत नाहीत. रसर्ट यांच्या बाबतीत झाले ते हेच.

अँजिओग्राफीत वाहिनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्र घेतात. तिच्यात नळीची आतली पोकळी उत्तम दिसते, भिंत मात्र दिसत नाही. सीटी स्कॅनने काढलेला कॅल्शियम स्कोअर भिंतीत साचून कडक झालेले जुने साठे मोजतो. त्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो, पण मऊ प्लाक त्यात मोजले जात नाहीत. म्हणून कोणत्याही एका ‘नॉर्मल’ कागदाचा अर्थ ‘आज, या तपासणीला, मोठी अडचण दिसली नाही’ इतकाच घ्यायला हवा. ‘झटका येणार नाही’ असे त्यावर कुठेही लिहिलेले नसते.

छातीत दुखत असताना काढलेल्या ईसीजीलाही हेच लागू होते. झटका सुरू झाल्यावरचा पहिला ईसीजी काही वेळा सामान्य दिसतो. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. स्नायू मरू लागला की हे प्रथिन रक्तात झिरपते, पण तपासणीत दिसण्याइतके वाढायला त्याला काही तास लागू शकतात. त्यामुळे लगेच केलेली एकच चाचणी पुरेशी नसते. दुखणे चालू असेल, तर ‘ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा’ यावर समाधान मानू नये. पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन करण्याविषयी विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

‘हार्ट अटॅक’, ‘कार्डिॲक अरेस्ट’ आणि ‘हार्ट फेल्युअर’ एकच का?

बातम्यांत आणि बोलण्यात हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी बंद होऊन हृदयाचा काही भाग मरू लागणे. पाणीपुरवठा बंद झाला आहे, पंप अजून चालू आहे. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाची वीजव्यवस्था विस्कटून पंपच थांबणे. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, श्वास थांबतो किंवा अधूनमधून आचके येतात. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण अरेस्टला इतरही कारणे असतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. पंप अशक्त होणे किंवा ताठर होणे, म्हणजे हार्ट फेल्युअर. पायांवर सूज, आडवे झाल्यावर दम लागणे, थोड्या श्रमाने थकवा ही त्याची लक्षणे. ते महिने-वर्षे चालते आणि औषधांनी आटोक्यात ठेवता येते.

‘ॲसिडिटी’ समजण्याची चूक का होते?

छातीवर हात दाबून कोसळणारा नायक सिनेमात असतो. प्रत्यक्षात अनेक रुग्ण ‘दुखतंय’ असे म्हणतच नाहीत. छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते, आवळल्यासारखे होते, जळजळते असे ते सांगतात. हृदय, अन्ननलिका आणि जठर यांच्याकडून येणाऱ्या वेदनांचे मज्जामार्ग जवळजवळचे असल्याने मेंदूला दुखण्याची जागा नेमकी ठरवता येत नाही. त्यामुळे हृदयाची वेदना जबड्यात, खांद्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाणवते. ‘दात दुखतो’ म्हणून दंतवैद्याकडे आणि ‘गॅस झाला’ म्हणून मेडिकलच्या दुकानात पोहोचलेले रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत.

स्त्रियांमध्ये छातीतल्या वेदनेसोबत किंवा तिच्याशिवायही दम लागणे, मळमळ, विलक्षण थकवा, पाठ किंवा जबडा दुखणे ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. ‘घरातलं काम जास्त झालं असेल’ म्हणून ती अंगावर काढली जातात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम झालेला असल्याने वेदना अगदी कमी किंवा मुळीच जाणवत नाही. अशा वेळी एकाएकी सुटलेला दरदरून घाम आणि लागलेला दम हीच सूचना समजावी. १० मिनिटांहून अधिक टिकणारे, विश्रांतीने न थांबणारे दुखणे, त्यात घाम किंवा दम असेल तर ते हृदयाचे आहे असे धरूनच निघावे. ॲसिडिटी निघाली तर नुकसान एका फेरीचे होईल.

पहिल्या तासात काय करावे?

रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की साधारण २० ते ३० मिनिटांत स्नायू मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत मरणारा भाग वाढत जातो. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. म्हणूनच ‘वेळ म्हणजे स्नायू’ असे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात.

रुग्णाला चालवू नये, बसवावे किंवा अर्धवट टेकवावे. १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाने स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवत जाऊ नये. रस्त्यात अरेस्ट झाला तर दोन जीव धोक्यात येतात. रुग्णालय निवडताना ‘जवळचे’ आणि ‘तिथे लगेच ईसीजी निघतो का, कॅथलॅब आहे का’ हे दोन्ही पाहावे. आधी फॅमिली डॉक्टर, मग लॅब, मग नातेवाइकाच्या ओळखीचे रुग्णालय, या फेऱ्यांत तास-दोन तास सहज जातात.

ॲस्पिरिनचा फायदा सिद्ध झालेला आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांवरील आयसिस-२ या चाचणीत झटक्यानंतर दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. त्याच्या जोडीला गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दिल्यावर ही घट ४२ टक्क्यांवर गेली. ॲलर्जी, पोटातील रक्तस्राव किंवा पक्षाघाताची शंका नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून ॲस्पिरिनची गोळी चावून खाता येते. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटचे तसे नाही. तिने रक्तदाब झपाट्याने उतरतो. तो आधीच कमी असेल किंवा रुग्णाने लैंगिक क्षमतेसाठीचे सिल्डेनाफिलसारखे औषध घेतले असेल, तर ती जीवावर बेतू शकते. ‘एकटे असाल तर जोरजोरात खोका’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा उपाय तर विसरूनच जावा. तो खोकण्यात जी मिनिटे जातात, ती फोनसाठी हवी असतात.

रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मदत येईपर्यंत थांबू नये. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडता घेऊ नये. बरगडी जुळून येते.

मोठ्या शहरात पोहोचता येत नसेल तर?

पूर्ण बंद झालेली वाहिनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, तातडीची अँजिओप्लास्टी. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत फुगा वाहिनीत पोहोचावा, असे उद्दिष्ट असते. दुसरा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर इंजेक्शन आधी देऊन मग रुग्णाला पुढे हलवावे, असे उपचारांचे संकेत सांगतात. त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत त्याचा उपयोग होतो आणि जितके लवकर तितका जास्त. गडचिरोली, नंदुरबार किंवा कोकणातल्या आडगावी राहणाऱ्यासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे. ‘इथे काही होणार नाही, थेट शहरात न्या’ असे सांगून तीन-चार तासांच्या प्रवासाला धाडण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी आणि हे इंजेक्शन मिळणे जास्त मोलाचे ठरते. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ही सोय आहे का, हे गरज पडण्याआधी विचारून ठेवलेले बरे.

स्टेंट टाकला म्हणजे आजार गेला का?

आंद्रेयास ग्रुन्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. तेव्हापासून या उपचाराने असंख्य जीव वाचवले. झटका चालू असताना बंद वाहिनी उघडणे हा जीव वाचवणारा उपचार आहे, याबाबत दुमत नाही. पण झटका आलेला नाही, श्रम केल्यावरच थोडे दुखते, अशा स्थिर रुग्णात चित्र वेगळे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या चाचणीत ५ हजार १७९ स्थिर रुग्णांचा सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करण्यात आला. सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात आणि आधी फक्त औषधांवर ठेवलेल्या गटात मृत्यू किंवा झटक्यांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. छातीतील दुखणे मात्र पहिल्या गटात अधिक कमी झाले. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदय खूपच अशक्त झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही.

कारण सरळ आहे. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो, आजार मात्र सगळ्या वाहिन्यांच्या भिंतीत असतो. म्हणून ‘९० टक्के ब्लॉकेज आहे, आजच्या आज निर्णय घ्या’ असे सांगितले गेले आणि रुग्ण स्थिर असेल, तर ‘हे तातडीचे आहे का, औषधांवर थांबता येईल का’ हा प्रश्न विचारायला आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ असतो. झटका चालू असेल, तर तो वेळ नसतो. हा फरक नातेवाइकांनी डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्यावा.

खर्चाबाबत, राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९ हजार ६०० रुपये ठरली. त्यानंतर ती वेळोवेळी बदलत गेली. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होऊ शकते.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या ठरावीक काळ घ्याव्या लागतात. लग्नघरात राहिल्या, दात काढायचा म्हणून बंद केल्या, महिन्याचे पैसे संपले अशा कारणांनी त्या मध्येच सुटल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या एक दिवसही थांबवू नयेत.

भारतीयांना तुलनेने लवकर का गाठतो?

५२ देशांतील सुमारे ३० हजार लोकांचा समावेश असलेला इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याच्या वेळी दक्षिण आशियाई रुग्णांचे सरासरी वय ५३ होते, तर इतर देशांतील रुग्णांचे सुमारे ५९. कारणे गूढ नव्हती. रक्तातील मेद, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान या नऊ घटकांनी मिळून पहिल्या झटक्याच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के भाग स्पष्ट होत होता. आपल्याकडे हे घटक कमी वयात जमा होतात. बारीक हातपाय आणि पुढे आलेले पोट ही ठेवण ‘खात्यापित्या घरची’ म्हणून कौतुकाने पाहिली जाते, पण पोटाभोवतीची चरबी मधुमेह आणि मेद दोन्ही वाढवते. आनुवंशिकताही आहे. लायपोप्रोटीन-ए हा कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण अनेक दक्षिण आशियाई लोकांत जास्त असतो आणि त्याची पातळी बव्हंशी जनुकांवर ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी त्याची चाचणी करावी, असे सुचवले आहे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात झटका आला असेल, तर ती टाळू नये.

तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. बिडी, मळलेली तंबाखू, मिश्री यांतील निकोटीननेही नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढतो. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात कोरोनरी विकाराचा धोका धूम्रपान करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो. इतका मोठा आणि इतका स्वस्त उपचार दुसरा नाही.

हाच आजार हृदयाबाहेर कसा दिसतो?

रक्तवाहिन्यांचे जाळे एकच असते. मेंदूकडे जाणारी वाहिनी बंद झाली की पक्षाघात होतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे बोबडे होणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे ही लक्षणे दिसली की लगेच सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांपर्यंत देता येते. पण काही पक्षाघात रक्तस्रावाने होतात. म्हणून सीटी स्कॅनआधी घरी ॲस्पिरिन देऊ नये. पायांच्या वाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते. ‘वय झालं’ म्हणून याकडे दुर्लक्ष होते, पण अशा रुग्णांच्या हृदयाच्या वाहिन्याही अनेकदा खराब असतात.

कोणते आकडे माहीत असायला हवेत?

तिशीनंतर रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर हे चार आकडे प्रत्येकाला ठाऊक असावेत. पाच मिनिटे शांत बसून, चहा-तंबाखूनंतर किमान अर्धा तास जाऊ देऊन मोजलेला रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल, तर मधुमेहाची खात्री करून घ्यावी. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. एलडीएल कोलेस्टेरॉल सर्वसाधारण व्यक्तीत १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांत ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या गटात ५५ च्या खाली असावे, असे कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या सूचना सांगतात. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा सर्वांसाठी एकच असते, रुग्णासाठीचे उद्दिष्ट त्याच्या धोक्यानुसार बदलते. झटका येऊन गेलेल्या माणसाचे ९५ एलडीएल कागदावर ‘नॉर्मल’ दिसते, प्रत्यक्षात ते जास्तच असते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि हॉटेलातली भाजी यांतले मीठही त्यातच धरायचे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालणे हा व्यायामाचा किमान हिशेब.

हे पुरेसे नसेल तिथे औषधे येतात. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांना १९७०च्या दशकात एका बुरशीत सापडलेल्या पदार्थातून स्टॅटिन औषधांचा शोध लागला. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरवले, की झटका आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. स्टॅटिनमुळे प्लाकवरचे झाकणही मजबूत होते. स्ट्रेस टेस्टला न दिसलेल्या छोट्या साठ्यांवरचा उपाय हाच आहे : रक्तदाब, साखर, एलडीएल आणि तंबाखू. ही गोळी एकदा सुरू झाली की ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून स्वतःहून बंद करू नये. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेले असते.

त्यामुळे पुढच्या वेळी तपासणीचे कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’ एवढ्यावर थांबू नका. ‘माझे वय, वजन, रक्तदाब, साखर आणि घरातला इतिहास पाहता पुढच्या दहा वर्षांत मला किती धोका आहे आणि तो कमी करायला आजपासून काय करू?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर ईसीजीच्या पट्टीवर नसते, ते डॉक्टरांनाच द्यावे लागते.